लग्नाआधी सिकलसेल तपासणी सक्तीची करावी का?

वैनगंगाकाठ:
सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. माझ्या मते नुसत्या शिबिरांनी भागणार नाही. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे एएस (एकच सदोष जनुक असलेले) असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारमध्ये तरी विवाह नोंदणीला रक्ताचा अहवाल सक्तीचा करा. पत्रिका बघताच ना, हाही कागद बघा.

रानवाट:
बघतील, पण मुलीचाच! एएस असणं हा आजार नाही, हे सांगूनही पटत नाही. हे फक्त आपल्याकडचं नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात पूर्वी लोकांची सिकलसाठी तपासणी आणि समुपदेशन करून पाहिलं. वाहक-वाहक लग्नं योगायोगाने जितकी झाली असती, जवळपास तितकीच झाली. वर वाहकांवर शिक्का बसला आणि लोक अहवाल लपवू लागले. सक्ती केलीत तर आमच्याकडे खोटे दाखले निघतील, एवढं नक्की.

झाडीपट्टीकर:
पोराचा रिपोर्ट मांगून पाहा न एखाद्या घरी.

वैनगंगाकाठ:
मग सायप्रसचं काय? तिथं थॅलेसेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या अशाच एका आनुवंशिक आजारासाठी, चर्च लग्नाआधी दाखला मागतं. दाखला तपासणी झाल्याचा. निकाल काय आला ते चर्च विचारत नाही, लग्नही अडवत नाही. दोघं वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतात आणि पुढे गर्भाची तपासणी करून घेतात. थॅलेसेमियाग्रस्त बाळांचे जन्म तिथं जवळजवळ थांबले. मीही निकाल चव्हाट्यावर आणा म्हणत नाही.

रानवाट:
सायप्रस केवढं, भामरागड कुठं! गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात व्हावी लागते. परळच्या राष्ट्रीय रक्तविकार संस्थेत ती होते, पण एटापल्लीची बाई तिथवर कधी पोचणार? आणि गर्भपाताचा निर्णय खरंच तिचा असेल का?

डबाबाटली:
बालरोग विभागात काम करते, म्हणून थोडं वेगळं बोलते. तुम्ही दोघंही लग्नावरच अडकलात. तपासणी जन्मतःच करा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात एसएस बाळांना रोज पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकोकस या जिवाणूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. अभ्यास मुदतीआधीच थांबवला, कारण उरलेल्या मुलांना औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं. नवजात तपासणीचा आग्रह त्यानंतर वाढला. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचंही तसंच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही मुलांचे क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचे झटके, घटलेले दिसले. म्हणजे उपाय इथलाच आहे, फार महागही नाही. बाळ एसएस निघालं की आईबापांचंही आपोआप कळतं, आणि तेव्हा त्यांना सांगायला हातात औषध असतं. नुसता दाखला देऊन कुणाचं दुखणं थांबलंय?

झाडीपट्टीकर:
ताई, पण गोळ्या उपकेंद्रात असल्या तर न. अर्धा वेळ 'पुढच्या आठवड्यात या'.

रानवाट:
डबाबाटलींशी सहमत. फक्त आईला एकटीला बसवून सांगू नका, बापालाही बोलवा. नाहीतर दोष तिच्याच माथी येतो.

वैनगंगाकाठ:
नवजात तपासणी मान्य, गोळ्यांचं तर शंभर टक्के मान्य. पण आज जन्मलेली बाळं लग्नाला येईपर्यंत वीस-पंचवीस वर्षं जातील. आज विशीत असलेल्यांनी काय करायचं? तपासणी झाल्याचा दाखला, निकाल बंद पाकिटात फक्त त्या दोघांना. हे मी सोडत नाही.