मदत हवी आहे: मापो टोफूत तिरफळ चालेल का?

मंडळी, जरा घाई आहे, शनिवारच्या आत उत्तर हवंय. लेकीच्या शाळेत आशियाई पदार्थांचा दिवस आहे, प्रत्येक ग्रुपला एक अक्षर दिलंय आणि हिच्या ग्रुपला 'म' आलाय, अट एकच की पदार्थ भारताबाहेरचा हवा. यादी करायला बसलो तर संपेचना! तिबेट-नेपाळचे मोमो, जपानचं मिसो सूप, थायलंडची मसामान करी, मलेशियाचा मुर्तबाक, उझबेकिस्तानचे मांती, लेबनॉनचे मनाकीश. माझा जीव जडला तो ब्रह्मदेशच्या मोहिंगावर, माशाच्या रश्शात तांदळाच्या शेवया, केळीच्या खोडाचे तुकडे आणि रस्सा दाटवायला चक्क हरभऱ्याचं पीठ, तिकडे सकाळच्या नाश्त्याला खातात. पण वर्गातली निम्मी मुलं व्हेज, म्हणून बाद. मोची करून बघितली मोदकाच्या पिठाची, ती ताणलीच जाईना, मग कळलं की त्याला चिकट तांदळाचंच पीठ लागतं.

तर शेवटी मापो टोफू ठरलंय. चीनच्या सिचुआन प्रांतातला, चेंगडू शहरातला पदार्थ. मापो म्हणजे तोंडावर देवीचे वण असलेली म्हातारी, तिच्या खानावळीत हा व्हायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मुळात खिमा असतो, आम्ही मशरूम बारीक चिरून घालणार.

अडलंय ते सिचुआन मिरीवर. तिनेच जीभ बधिर होते, आणि ऑनलाइन मागवली तर येणार पुढच्या आठवड्यात. आईने मालवणहून दिलेली तिरफळं घरात आहेत, बांगड्याच्या आमटीत घालतो तीच, आणि दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत, म्हणून रविवारी ट्रायल घेतली. दहा-बारा तिरफळं सरळ मिक्सरला फिरवली आणि अख्खी कढई कडू झाली, टाकून द्यावी लागली. आईला फोन केला तर पहिला प्रश्न, "बी काढलीस का गं आधी?" मग बरणी उघडून बघितलं, उकललेल्या सालीत काळी चकचकीत बी बसलेली असते. ती काढून नुसती साल चुरडली तर संत्र्याच्या सालीसारखा मस्त वास आला आणि जिभेला मुंग्याही आल्या.

आता विचारायचंय असं की पाव किलो टोफूला किती तिरफळांची साल पुरेल, आधी कोरडी भाजायची की तेलात सोडायची की शेवटी वरून भुरभुरायची? आणि बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांची ती आंबवलेली लाल मिरचीची पेस्ट असते ती पण नाहीये, घरात मिसो (जपानी आंबवलेली सोयाबीनची पेस्ट) आहे, त्यात लाल तिखट कालवून कुणी केलंय का, चव जवळपास येते का?

खाणारी मुलं दहा-अकरा वर्षांची आहेत, जीभ थोडीशीच झणझणली पाहिजे, घाबरायला नकोत. कोकणातल्या कुणी तिरफळाचं प्रमाण सांगितलं तर फार बरं होईल, शुक्रवारी रात्री परत करून बघणार आहे.