बुश शाबूत, मग शाफ्ट का झिजला?

भाऊ, वरूडच्या संत्र्याच्या बागेतल्या बोअरची मोटर खोलली तर रबरी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बरा आणि स्टीलचा शाफ्टच (फिरता दांडा) झिजलेला, असं तुम्ही लिहिलंत. हे काम रेतीचं. रेतीतलं क्वार्ट्झ (गारगोटी) कडकपणाच्या मोहस मापावर 7, साध्या स्टीलहून कडक. कण मऊ रबरात रुतून बसतो आणि तिथूनच फिरता शाफ्ट घासत राहतो. बुश उन्हात तिरपा धरा, कण चमकतील.

हीच रेती पाण्यासोबत प्लास्टिक पाइपाच्या बेंडवर (वळणावर) आदळते, तिथलं वेगळं. मऊ प्लास्टिक साधारण 15 ते 30 अंशांच्या तिरप्या माऱ्याने जास्त झिजतं. सरळ आदळलेले कण आत रुततात, त्यामुळे सुरुवातीला प्लास्टिकचं वजन उलट वाढूही शकतं.

ठिबकचा फिल्टर मोटरीनंतर बसतो, तो मोटर वाचवत नाही. बुशसोबत शाफ्टही बदला आणि मोटर तळापासून थोडी वर टांगा.