सॉफ्टवेअर हिरवं दाखवतं, पण कानाला पटत नाही

करंगळी:
तीन महिने झाले, लॅपटॉपवरच्या एका सॉफ्टवेअरवर गिटार शिकते आहे. गिटार अकूस्टिक, आवाज लॅपटॉपच्या माईकमधूनच जातो. घरातले झोपले की रोज अर्धा तास बसते. पडद्यावर रंगीत ठोकळे सरकत येतात, रेघेवर पोचले की ती तार त्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या घरात) दाबून छेडायची. जमलं की हिरवं, चुकलं की लाल.

सहाव्या, जाड तारेवरचे सूर अगदी ठोक्यावर वाजवले तरी "उशीर" दाखवतं. पातळ तारांवर हा त्रास कमी. आणि एफ कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर) नेमकं उलटं. तिला दर वेळी हिरवं मिळतं, पण माझ्या कानाला ती बरी लागत नाही. दुसरी तार नुसती ठक्क करते. मग हिरवं कसं?

काल पडदा बंद करून तोच धडा वाजवायला बसले, तर तिसऱ्या ओळीनंतर हातच चालेना. रडू आलं. मी गिटार शिकते आहे की नुसती ठोकळ्यांमागे धावते आहे?

बफर२५६:
हेडफोन ब्लूटूथचे आहेत का? असतील तर आधी वायरवाले लावा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात. तुम्ही ज्या ठोक्यावर वाजवता तो केव्हाच होऊन गेलेला असतो. वायर लावल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे आवाजाचा उशीर सॉफ्टवेअरला मोजू देणं, पुन्हा करा. माईकचं नॉइज सप्रेशनही बंद करा, गिटारचा लांबलेला सूर ते पंख्याच्या घरघरीसारखा दाबून टाकतं.

जाड तारेचं म्हणाल तर मोकळी, न दाबलेली सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. सूर ओळखायला दोन-तीन कंपनं तरी ऐकावी लागतात, त्यातच २५ ते ३५ मिलिसेकंद गेले. सगळ्यात पातळ, पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० कंपनं करते, म्हणून ती चटकन ओळखू येते.

जुनी_खुंटी:
एफच्या बाबतीत तुमचा कान खरं सांगतोय. त्या हिरव्यावर जाऊ नका.

सहा तारांच्या एफमध्ये सूर मुळात तीनच: एफ, ए आणि सी. दुसऱ्या तारेवर सी आहे, आणि पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाही सीच आहे. दुसरी तार मेली तरी पाचवी तो सूर देते. सॉफ्टवेअरला तिन्ही सूर सापडले की ते खूश. कुठली तार दबून गेली हे त्याला कळतच असेल असं नाही. ए मात्र एकट्या तिसऱ्या तारेवर आहे, ती सोडून बघा, हिरवं मिळणं अवघड जाईल.

आता हाताकडे या. तर्जनीने सहाही तारा आवळायची गरज नाही, तिच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच. बाकीच्या तीन इतर बोटांकडे आहेत. दुसरी तार ठक्क करते म्हणजे बहुतेक ती तर्जनीच्या पेराच्या घडीत अडकते आहे. तर्जनी किंचित वर किंवा खाली सरकवा, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर थोडी कलती करा आणि फ्रेटच्या पट्टीला चिकटून ठेवा. मग सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडा. बोटं लवकर दमत असतील तर हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे जोर कमी लागतो.

पडद्याचं दुखणं मला ठाऊक आहे. मी पहिली दोन वर्षं अशीच काढली. मग एकदा चारचौघांत वाजवायला बसलो, एकाने एक-दोन-तीन-चार मोजलं आणि माझा हात हललाच नाही. समोरून काहीतरी सरकत येण्याची मी वाट बघत होतो. त्या दिवसापासून नेम केला: चार मात्रांचे दोन तुकडे लूपवर (पुन्हा पुन्हा), वेग ६० टक्के, डोळे पडद्यावर. पाच वेळा नीट झाले की लॅपटॉप भिंतीकडे फिरवायचा, आवाज तसाच चालू. त्यानंतर फक्त मेट्रोनोम, म्हणजे नुसता टिकटिक ठोका. शेवटी फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर हाताची आठवण कानाला फसवते.

सॉफ्टवेअर सोडू नका. ठोका पक्का करायला आणि न कंटाळता तोच तुकडा पन्नासदा घ्यायला त्याच्यासारखी सोबत नाही. फक्त सूर चांगला लागला की नाही हे त्याला विचारू नका.

करंगळी:
हेडफोन ब्लूटूथचेच होते! वायरवाले लावले, "उशीर" खूपच कमी झाला, सहाव्या तारेवर अजून अधूनमधून येतो.

खुंटीकाका, दुसरी तार खरोखर पेराच्या घडीतच जात होती. तर्जनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर घेतली आणि ती वाजली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. लॅपटॉप फिरवून आठ मात्रा झाल्या, नवव्या मात्रेला सी कॉर्डवरून एफवर जाताना अडकते. आज तेवढीच एक उडी लूपवर लावली आहे.