कंबर धरली की लगेच एमआरआय? माझा विरोध आहे

कर्वेनगरची_फिजिओ

थेट मुद्द्यावर येते. साध्या कंबरदुखीला पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढू नये. साधी म्हणजे पडझड झालेली नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, पूर्वी कॅन्सर झालेला नाही, पायातली ताकद गेलेली नाही, लघवी-संडासची तक्रार नाही. ‘काढून ठेवला तर काय बिघडलं, खात्री तरी होते’ असं माझ्याकडे येणारे बरेच जण म्हणतात. माझं म्हणणं, बिघडतं.

१९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक लोकांत, नेमके ५२ टक्के, कुठल्या ना कुठल्या मणक्यात डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलेली, सापडला. पुढे २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून तीन हजारांवर बिनदुखण्याच्या माणसांचा हिशोब मांडला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. केस पिकतात तशी डिस्क पिकते. पिकलेल्या केसाला कुणी आजार म्हणत नाही, डिस्कला मात्र रिपोर्टात नाव आणि नंबर मिळतो, एल-४ एल-५, म्हणजे कंबरेतला चौथा-पाचवा मणका.

आणि मग काय होतं ते मी रोज बघते. पस्तिशीचा माणूस येतो, चालतो बरा, पण टेबलावरचा पेन खाली पडला तर उचलत नाही. शर्टाखाली पट्टा आवळलेला. ‘मॅडम, माझी गादी सरकलीय, वाकायचं नाही सांगितलंय.’ पाय सरळ वर उचलून बघितला तर ऐंशी अंशांपर्यंत आरामात जातो, म्हणजे नस दबल्याची खूण नाही. दुखणं आठवड्याचं, भीती मात्र वर्षभर पुरते.

मतं येऊ द्या. विरोधी असतील तर जास्तच.

हिंजवडी_फेज_दोन

असहमत. पैसे माझे, कंबर माझी.

तुम्ही पाय उचलून बघता हे छान आहे हो, पण बाकी कोण बघतं? मी दोन डॉक्टरांकडे गेलो. पहिल्यांनी खुर्चीतून उठायलाही सांगितलं नाही, गोळ्या आणि जेल. दुसऱ्यांनी ‘आयटीत का? मग होणारच’ म्हणून हसून घेतलं. मला हात न लावता ‘काळजीचं काही नाही’ म्हणणाऱ्या माणसावर मी का विश्वास ठेवू? मशीन निदान माझ्याकडे वीस मिनिटं बघतं. ‘थांबा’ हा सल्ला ज्याला चांगला फॅमिली डॉक्टर आहे त्यालाच परवडतो.

पेठेतली_काकू

वाचतेय. हिंजवडीवाल्यांना +१. आमच्या गल्लीतले जुने डॉक्टर आधी जीभ बघायचे, मग पाठीवर बुक्की मारून बघायचे. आता बुक्कीही नाही.

अस्थिशल्य_एक

फिजिओ मॅडमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. हे सहा आठवडे अमेरिकेतून आलेत. तिथे मणक्याचा टीबी क्वचित दिसतो. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात आहे आणि हाडांच्या टीबीत निम्म्या वेळा जागा मणक्याचीच असते.

तुम्ही म्हणाल, ताप आणि वजन बघितलं की झालं. नाही होत. मणक्याच्या टीबीच्या कित्येक रुग्णांना ना ताप असतो ना वजन उतरलेलं असतं. नुसतं दुखतं, रात्री जरा जास्त. एक्स-रे काढावा तर हाडातलं तीसेक टक्के कॅल्शियम जाईपर्यंत तो साफ दिसतो. एमआरआयमध्ये मात्र मणक्यातली सूज आणि डिस्कच्या कडेला साठलेला पू आधीच कळतो. त्या टप्प्यावर गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला तर मणका खचतो, कुबड येतं, पाय लुळे पडतात. असा एक तरुण पेशंट बघितला की ‘विनाकारण एमआरआय’ हे शब्द तोंडातून सहज निघत नाहीत.

कर्वेनगरची_फिजिओ

सर, टीबीचा मुद्दा सोळा आणे मान्य. पण त्यासाठी प्रत्येक कंबरेला बोगद्यात घालायची काय गरज? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, मणक्यावर ठोकल्यावर एकाच जागी कळ, घरात टीबीचा पेशंट, शुगर, स्टिरॉइड, यांतलं काही असेल तर पहिल्याच दिवशी पाठवा, माझा विरोध नाही. शंका असेल तर ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा. खर्च एमआरआयच्या पासंगालाही पुरत नाही.

अस्थिशल्य_एक

ईएसआर नॉर्मल असलेला मणक्याचा टीबीही असतो. वाढलेला असला तर मदत होते, नॉर्मल आला म्हणून पाठ फिरवता येत नाही.

आकडेमोडे

दोघंही निदानावर बोलताय. पेशंट शेवटी बरा होतो का, ते बघा ना. २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये सहा चाचण्यांचा एकत्रित हिशोब आला. सुमारे १८०० रुग्ण, धोक्याची लक्षणं नसलेले. काहींचे लगेच फोटो काढले, काहींचे नाही. दुखणं आणि हालचाल, दोन्हींत फरक नाही.

सायटिकाचं, म्हणजे कंबरेतली नस दबून पायात उतरणाऱ्या कळेचं, तर अजून गमतीचं आहे. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात वर्षभरानंतर पुन्हा एमआरआय काढले. बऱ्या झालेल्यांत ३५ टक्के लोकांची डिस्क अजून बाहेरच दिसत होती, बऱ्या न झालेल्यांत ३३ टक्के. म्हणजे फोटो बघून कोण बरा झाला ते सांगताच येईना.

हिंजवडीकर, तुमच्या ‘मशीन वीस मिनिटं बघतं’साठी हे घ्या. २०१७ मध्ये एका ६३ वर्षांच्या बाईंचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरवर एमआरआय काढला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले होते. दहाही रिपोर्टांत असलेला एकही नव्हता. मशीन बघतं, वाचतो माणूसच.

रिपोर्ट_लिहिणारा

आलं माझ्यावर. मी रेडिओलॉजिस्ट आहे, थोडी बाजू मांडू द्या.

चिठ्ठीवर काय लिहून येतं? ‘एलबीपी’, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांत नुसती ‘कंबरदुखी’. संपलं. कुठला पाय, किती दिवस, ताप आहे का, काही नाही. मग मी दिसेल ते सगळं लिहितो. न लिहिलेलं पुढे निघालं तर ग्राहक मंचात मी उभा राहणार, चिठ्ठी लिहिणारा नाही. त्यात आपल्याकडे कंबरेसोबत ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’, म्हणजे सगळ्या मणक्यांवरून एक नजर, जोडायची पद्धत आहे. टीबीच्या दृष्टीने ती चांगलीच, कारण टीबी कधी कधी दोन लांबच्या मणक्यांत एकाच वेळी असतो. पण त्याच पट्टीत पाठीच्या मणक्यात हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, दिसतो. दर दहा माणसांत साधारण एकाला तो असतो आणि बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. पेशंट मात्र लिफ्टमध्येच गुगल करतो, ‘ट्यूमर’ शब्द वाचतो आणि रात्री अकराला रिसेप्शनला फोन.

‘रिपोर्टात खाली लिहा ना, हे वयानुसार सगळ्यांत दिसतं’ असं सुचवतात. अमेरिकेत करून झालंय, दोन लाखांहून जास्त रुग्णांवर, २०२० मध्ये निकाल आला. ती ओळ टाकून पुढच्या तपासण्या-ऑपरेशनांचं एकूण प्रमाण घटलं नाही. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. नुसत्या ओळीने भागत नाही.

कर्वेनगरची_फिजिओ

ओळीने नाही, बोलण्याने भागतं. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन यांच्या गटाने २०२१ मध्ये हेच तपासलं. जुनी कंबरदुखी असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रिपोर्टातले दोष जसेच्या तसे समजावले. दुसऱ्याला सांगितलं, तुमचा एमआरआय नॉर्मल आहे, वयाप्रमाणे दिसतं तेवढंच दिसतंय. सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाचं दुखणं कमी होतं आणि स्वतःवरचा भरवसा जास्त. अभ्यास आपल्याच देशातला आहे, अमेरिकेचा नाही.

आकडेमोडे

४४ रुग्ण. चांगला अभ्यास, पण एवढासा.

हिंजवडी_फेज_दोन

आणि हे खोटं बोलणं नाही का? उद्या माझ्या रिपोर्टात प्रोट्रूजन, म्हणजे डिस्क बाहेर आलेली, असं लिहिलेलं असणार आणि डॉक्टर म्हणणार ‘नॉर्मल’. मला कळल्यावर मी त्या डॉक्टरांकडे परत जाईन?

कर्वेनगरची_फिजिओ

पूर्ण वाक्य सांगायचं. ‘प्रोट्रूजन आहे, तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही असतं, तुमचा पाय आणि नस ठीक आहेत, म्हणून मला काळजी नाही.’ यातलं खोटं काय? आणि डिस्क बाहेर आली म्हणजे जन्माची आली असंही नसतं. बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा तुकडा छोट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. हे पेशंटला सांगितलं की तोंडाचा आ वासतो.

गुलटेकडीचा_पोरगा

एक वेगळी बाजू. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. तुमच्या सहा आठवड्यांत त्यांची रोजची हजेरी जाते. ‘वजन उचलू नका’ म्हणणं म्हणजे ‘जेवू नका’ म्हणणं. एमआरआय काढला की मुकादमाला दाखवायला कागद तरी होतो, त्याशिवाय हलकं काम कोण देतं? तुम्ही सगळे एसीत बसून आकडे मांडताय. गरिबाच्या दुखण्याला फोटो लागतो, नाहीतर ते सोंग ठरतं.

आकडेमोडे

दादा, तुमचा मुद्दा आकड्यांनी खोडता येणार नाही. एवढंच सांगतो, अमेरिकेतल्या कामगार-विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा, गरज नसताना लवकर एमआरआय झालेले कामगार जास्त दिवस घरी बसलेले दिसले. कागदाने हलकं काम मिळतं, पण कधी कधी काम जातं सुद्धा.

गुलटेकडीचा_पोरगा

तिथे विमा होता म्हणून ते घरी बसले. इथे बसतात ते कर्ज काढून. तुलना पटली नाही.

पेठेतली_काकू

अवांतर: आमच्याकडे ह्यांना वाढदिवसाला मुलाने ‘फुल बॉडी’ पॅकेज दिलं, मेंदूच्या एमआरआयसकट. कंबरेचं कळलं, डोक्याचं काय? काढू द्यावा का?

रिपोर्ट_लिहिणारा

काकू, काही त्रास नसेल तर केक द्या म्हणावं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला साध्या नागरिकांपैकी २००० जणांच्या मेंदूचे एमआरआय काढले होते, २००७ मध्ये छापून आलं. ७.२ टक्क्यांत न कळलेला जुना इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला मेंदूचा भाग), १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीला फुगा, १.६ टक्क्यांत साधी, कॅन्सर नसलेली गाठ. फुगा सापडला की ऑपरेशन करावं की लक्ष ठेवावं या प्रश्नाने घरादाराची झोप जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनेही २०२३ मध्ये सांगितलंय की लक्षणं नसताना सबंध शरीराचा एमआरआय सुचवायला पुरेसा पुरावा नाही.

माझी खरी चिडचिड वेगळी आहे. कंबर धरली की त्याच संध्याकाळी स्लॉट पाहिजे. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली की ‘वारं गेलंय, तेल चोळू, सकाळी बघू’. तो पक्षाघात असू शकतो, तिथे घड्याळ महत्त्वाचं. मेंदूच्या नसेतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत. त्याआधी सीटी काढून रक्तस्राव नाही ना, हे बघावंच लागतं. मोठी नस बंद असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी तारेने काढता येते, २०१८ च्या दोन चाचण्यांनी ते दाखवलं. पण कोण निवडक, ते स्कॅनवरच ठरतं. लोक स्कॅनला उशीर करतात तो नेमका इथे.

अस्थिशल्य_एक

हे उत्तम सांगितलंत. त्याच्याच जोडीला मणक्यातली घाईची वेळ कोणती तेही लिहून ठेवतो, कारण धागा वाचून कुणी सहा आठवडे भलत्याच दुखण्यावर काढू नयेत. सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झाला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. चालताना एकाच पायातली चप्पल न कळत निसटते आणि पंजा वर उचलत नाही, ते दाखवायलाही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही.

बाकी मॅडम, तडजोड सांगतो. सहा नाही, तीन आठवडे. तीन आठवड्यांत उतार नसेल तर भारतात मी फोटो काढणार.

कर्वेनगरची_फिजिओ

चार. आणि आधी कुणीतरी अंगाला हात लावून तपासलेलं असलं पाहिजे.

अस्थिशल्य_एक

तपासणी मान्य. चार अमान्य.

हिंजवडी_फेज_दोन

भाजी मंडईत आल्यासारखं वाटतंय. पण ठीक, माझे अडीच आठवडे झालेत आणि पंजा उचलतोय. तपासून बघणारं कोण, ते व्यक्तिगत निरोपात कळवा कुणीतरी. एमआरआयचं बुकिंग मी अजून रद्द केलेलं नाही.

रिपोर्ट_लिहिणारा

नका करू रद्द, पुढे ढकला. आणि शेवटी यावंच लागलं तर चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एवढं लिहून आणा: कुठला पाय, किती दिवस, रात्री दुखतं का, ताप आला होता का, पंजाची ताकद किती. ‘एलबीपी’ लिहिलेली चिठ्ठी आणलीत तर ४९ दोष शोधून देईन.