मदत हवी: वाचायला शिकणाऱ्या मुलीसाठी प्राण्यांच्या सोप्या गोष्टी

काजवा:
लेकीला स्वतः वाचता येतील अशा प्राण्यांच्या गोष्टी हव्यात. 'सोपी' म्हणून आणलेल्या पुस्तकांत पहिल्याच पानावर अडते. लवकर सुचवा, उद्या प्रिंट काढायच्यात.

पानगळ:
वय? आणि नेमकं येतं काय? नुसती मुळाक्षरं, काना, की जोडाक्षरंही?

झुळूक:
पंचतंत्र द्या की! पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललंय.

पानगळ:
ते वाचून दाखवायला. 'कोल्हा'त जोडाक्षर, 'हत्ती'त जोडाक्षर, 'सिंह'वर वेलांटी-अनुस्वार. नायकाचं नावच वाचता येईना तर पुढे काय?

काजवा:
सहा वर्षं, इंग्रजी माध्यम. काना येतो, वेलांटीला चाचपडते.

टवाळ:
प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा. फुकट आहे. भाषा मराठी, स्तर १ निवडा, पीडीएफ उतरवा. पण आधी चाळून घ्या, स्तर १ मध्येही जोडाक्षरं येतात.

झुळूक:
अक्षरं फोडत बसूच नका. चित्र दाखवा, अख्खा शब्द आपोआप येतो.

पानगळ:
येत नाही, मुलं चित्र बघून ठोकून देतात. 'बदक' लिहिलेलं असतं, वाचतात 'हंस'. चित्र पानाच्या मागे छापा: आधी वाचायचं, मग उलटून ताडून बघायचं. आणि घरीच लिहा, एका पानावर एक वाक्य:

सरडा वर चढला.
बगळा हसला.
सरडा रागावला.
सरडा लाल झाला.
बगळा घाबरला.

सगळं कान्यात बसलं. 'रागावला', 'घाबरला' लांब आहेत, तिथे 'घाबर-ला' असं तोडून दाखवा, नाहीतर घा-ब-र-ला असं सुटंसुटं वाचलं जातं आणि अर्थ लागत नाही.

साखरफुटाणा:
दुरेघी वही घ्या, अक्षर वळणदार होतं.

काजवा:
अक्षराचं विचारलंच नाहीये! माकड, कासव चालतील का?

पानगळ:
नावं चालतील, क्रियापद अडवेल. 'माकड हसलं' म्हटलं की अनुस्वार, 'हसले' म्हटलं की मात्रा.

झुळूक:
'हसले'च लिहा. पुस्तकात तेच असतं.

टवाळ:
घरात कोण 'माकड हसले' म्हणतं हो? बोलतो तसं लिहा, अनुस्वार शिकेल.

पानगळ:
शिकेल, पण आत्ता वेलांटी चालू आहे. एका वेळी एकच नवी खूण. बगळा-सरड्यालाही प्रत्यय लावू नका, 'बगळ्याला', 'सरड्याला' झालं की जोडाक्षर आलंच. वाघ सगळ्यात सोयीचा: वाघ आला, वाघाला, वाघाचा.

टवाळ:
छापताना फॉन्ट 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, मराठीच्या पुस्तकातला ल ओळखणारं मूल तिथे थबकतं.