स्टेंट बसला, मग रिहॅब कशाला?

‘ब्लॉकेज काढलं, आता पुन्हा व्यायाम शिकायला हॉस्पिटलात कशाला जायचं?’ असं एकांनी रिहॅबबद्दल (हृदयाच्या उपचारानंतर देखरेखीखाली व्यायाम आणि सल्ला) विचारलंय. बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर आमच्याही घरी हेच झालं होतं. पण स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) एका जागचा अडथळा मोकळा करतो, रक्तवाहिन्यांचा मूळ आजार तसाच राहतो.

२०२१च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) ८५ चाचण्या आणि २३ हजारांवर रुग्ण होते. व्यायामावर आधारित रिहॅब घेणाऱ्यांत पुन्हा हार्ट अटॅक येणं, अ‍ॅडमिट व्हावं लागणं आणि हृदयविकाराने मृत्यू, तिन्ही कमी आढळलं. सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही, तेव्हा ‘आयुष्य हमखास वाढतं’ असं कुणी सांगितलं तर जरा जपून.

आपल्याकडे ‘योगा-केअर’ चाचणी झाली: २४ रुग्णालयं, ३,९५९ रुग्ण, अटॅकनंतर योगावर बेतलेलं रिहॅब. गंभीर घटनांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण माणसं आपल्या नेहमीच्या कामांकडे जास्त चांगली परतली. मला हेही थोडं वाटत नाही. आमचे बाबा तर जिना चढायलाही घाबरायचे!

आणखी एक. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी करा. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या.