मदत हवी आहे: रानटी टर्की सहा फुटी कुंपणावरून उडून येतायत

नमस्कार मंडळी, आम्ही मॅसॅच्युसेट्समधे राहतो, बॉस्टनच्या पश्चिमेला. मागे ओक आणि पाईनची झाडी आहे, तिथून टर्कींचा कळप येतो. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या रोज सकाळी मूठभर तांदूळ टाकतात, गावी चिमण्यांना टाकायच्या तसे. आता टर्की दारातच ठाण मांडून असतात, मेथीचा वाफा उकरून टाकला. कुंपणवाला म्हणाला होता टर्की उडत नाही, सहा फूट बास, पण त्या आरामात आत उतरतात आणि काल एक तर गॅरेजच्या छतावर होती!! वर एक मोठा नर गाडीच्या दरवाज्यावर चोची मारतो, आणि मुलगी स्कूलबसला निघाली की तिच्या मागे लागतो. ती रडते हो, घराबाहेर पडायला तयार नाही. त्यांना इजा करायची नाहीये, पण हे थांबवायचं कसं?

रानवाटा: ताई, कुंपणवाल्याच्या डोक्यात पोल्ट्रीतली पांढरी टर्की असणार. तिला मांसासाठी इतकी जड करून ठेवलीय की उडताच येत नाही. रानटीचं तसं नाही, पंख आखूड पण रुंद, छातीत प्रचंड ताकद, जागेवरून जवळजवळ सरळ वर उठते आणि ताशी ८०-९० किमीपर्यंत जाऊ शकते. फक्त दम लवकर संपतो, म्हणून फार लांब जात नाही, एरवी पायांवरच भर, पळतेही ताशी ४० किमीने. रात्री झोपायला उंच झाडावर चढते, कोयोटीपासून (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) वाचायला. पिल्लंसुद्धा साधारण दोन आठवड्यांची झाली की फांदीवर जायला लागतात, तोवर आई त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवरच बसते. तेव्हा कुंपण आठ फूट केलंत तरी पैसे वाया जातील, त्यात घालू नका.

आणि मारायचं नाही म्हणालात ते फार बरं वाटलं. तुमच्या राज्यातून हा पक्षी १८५१ च्या सुमारास पूर्ण संपला होता. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधून ३७ पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगरात सोडले, त्यांची संख्या वाढत आज वीस-पंचवीस हजारांच्या वर गेलीय.

कुंदा_न्यूजर्सी: गाडीचं सांगते, त्याला पत्र्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि दुसरा नर आलाय असं वाटतं. वसंतात हे जास्त होतं, तेव्हा त्यांचा विणीचा काळ असतो. गाडीवर कव्हर घाला किंवा थोडे दिवस गॅरेजमधे ठेवा. त्यांच्या कळपात कोण वरचढ कोण खालचा हे ठरलेलं असतं, माणसालाही ते त्याच उतरंडीत बसवतात, म्हणून घाबरून पळालं की तो अजून चेकाळतो. मुलीसोबत मोठं माणूस जाऊ दे, हातात छत्री, तो जवळ आला की फाडकन उघडायची. झाडू, होजपाईपचं पाणी, ताटल्या वाजवणं, सगळं चालतं, तिथलं वन्यजीव खातंसुद्धा हेच सांगतं. पण घरातल्या सगळ्यांनी रोज करायला हवं, एकाने हाकलायचं आणि दुसऱ्याने दाणे टाकायचे असं झालं तर काही उपयोग नाही.

मूळ धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. छत्री आजच करून बघितली, नर चक्क मागे सरकला आणि मुलगी बसपर्यंत चालत गेली! प्रश्न सासूबाईंचा आहे, मुक्या जीवाला दोन दाणे टाकले तर काय बिघडलं म्हणतात, आणि मला त्यांचं मन मोडवत नाही. बर्ड फीडर टांगून दिला तर?

रानवाटा: सध्या नको, फीडरखाली सांडलेलं बी वेचायलाही टर्की येतातच. त्यांना नातीचं सांगा, माणसाची भीती गेली म्हणूनच तो तिच्या अंगावर येतो, आज्जी ऐकतील. दाण्यांऐवजी वाफ्याचं काम द्या त्यांना, मेथी परत पेरा आणि कमानी रोवून वरून जाळी घट्ट ताणून बसवा, सैल सोडू नका, पक्ष्यांचे पाय अडकतात.

मूळ धागाकर्ती: हे पटेल त्यांना. शनिवारी जाळी आणतो.